बर्नार्डने माफ केलेली बाई

आमच्या भुईगावात माझं एक लफडं आहे. ते कोणाशी आहे, कुठे चालतं, कधीपासून चालतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

सुरुवात झाली चर्चमध्ये, भर मिस्सेत. गेल्या वर्षी एका रविवारी मी कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत उभी होते. पुढे माझा नवरा बर्नार्ड, मागे माझी जाऊ लूर्डस. रांग सावकाश सरकत होती, आणि अचानक छातीत कोणीतरी ढोल बडवायला लागलं. घशाला कोरड, हातापायांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. मला स्वच्छ कळलं की आपण मरतोय. बर्नार्ड बाजूला झाला, फादरांनी माझ्यासमोर प्रसाद धरला आणि म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." आमेन म्हणायचं सोडून मी पाठ फिरवली आणि बाजूच्या दारातून धूम ठोकली. बाहेर नारळाखाली जाऊन बसले तर थोड्याच वेळात ठणठणीत. मेले असते तर निदान अब्रू तरी राहिली असती.

तुम्ही आमच्यातले नसाल तर एक गोष्ट सांगायला हवी. मनावर मोठं पाप असेल आणि त्याचा कुमसार केलेला नसेल, म्हणजे फादरांच्या कानात ते कबूल केलेलं नसेल, तर प्रसाद घ्यायचा नसतो. त्यामुळे आमच्याकडे मिस्सेत लोक देवाकडे कमी आणि रांगेकडे जास्त बघतात. कोण उठलं, कोण बसून राहिलं. बसून राहिलेल्याची चौकशी नंतर बाहेर क्रुसापाशी सविस्तर होते. आणि मी तर बसूनही राहिले नव्हते. देवाच्या पुढ्यातून पळाले होते. गावातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत गणित शिकवलंय. त्यांनी दोन आणि दोन मिळवून भलतंच उत्तर काढलं, यात माझाही थोडा दोष असेल.

हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, "पॅनिक डिसऑर्डर आहे. चिंतेचा आजार. मानसोपचार घ्या, बरा होतो." मानसोपचार म्हटल्याबरोबर बर्नार्डने आधी दाराकडे बघितलं, बाहेर आपल्या ओळखीचं कोणी नाही ना म्हणून. घरी आल्यावर म्हणाला, "थोडी रोझरी जास्त म्हण. हे कोणाला सांगू नको."

रोझरी म्हटली. दुसऱ्या आठवड्यात बाजारात झटका आला, मग बँकेत, मग शाळेच्या स्टाफरूममध्ये. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसायला लागले. रांगेत जायचं तर नावच नको. शेवटी माझ्या मुलीने, स्टेफीने, उमंगचा नंबर आणून दिला. कुठून आणला ते मी विचारलं नाही. मला विचारायची शुद्ध कुठे होती?

उमंग म्हणजे तिशीतला पोरगा. स्टेशनजवळच्या एका इमारतीत त्याचं क्लिनिक. खाली मिठाईचं दुकान, पहिल्या मजल्यावर लॉज, दुसऱ्यावर उमंग. लॉजची पाटी हत्तीएवढी, उमंगची पाटी पोस्टकार्डाएवढी. मी दर बुधवारी शाळा सुटल्यावर पदर सावरत, इकडेतिकडे बघत त्या जिन्याने वर जायचे. खाली उभं राहून बघणाऱ्याला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला काळजी एवढीच, की आपण मानसोपचारवाल्याकडे जातोय हे कोणाला कळू नये.

पहिल्या दिवशी उमंग म्हणाला, "मॅडम, डोळे मिटा. श्वासाकडे फक्त लक्ष द्या. तो बदलायचा नाही, नुसता बघायचा."

झालं, आगीतून फुफाट्यात. चोपन्न वर्षं माझा श्वास माझी परवानगी न घेता बिनबोभाट चालला होता. मी लक्ष दिल्याबरोबर तो अडखळायला लागला, इन्स्पेक्शनला साहेब आले की वर्गातली हुशार पोरं अडखळतात तसा. छाती दाटली, घाम फुटला. मी डोळे उघडले आणि त्याला सांगितलं, "भीक नको पण कुत्रा आवर. हा कसला इलाज? मी धडधाकट जिना चढून आले होते!"

दुसरा कोणी असता तर दुखावला असता. उमंग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पॅनिकवाल्या काही लोकांना श्वासाकडे बघून जास्तच त्रास होतो. मग श्वास सोडा."

"सोडू म्हणजे? घेऊच नको?"

"घ्या. बघू नका. पायाचे तळवे बघा. चप्पल काढा. फरशीला कुठे टेकतंय, कुठे गार लागतंय, तेवढंच."

ते जमलं. तळवे बिचारे गरीब. त्यांना इन्स्पेक्शनची भीती नव्हती.

पुढच्या बुधवारी त्याने तळहातावर एक मनुका ठेवली आणि ती सावकाश, जणू आयुष्यात पहिल्यांदाच, खायला सांगितली. आधी बघायची, मग हुंगायची, मग जिभेवर ठेवायची. मी म्हटलं, बाबा, अख्खं लक्ष देऊन खायचं तर मनुका कशाला? त्याच्या पुढच्या वेळी मी घरची सुकेळी नेली. वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी. आम्ही दोघांनी एक एक सुकेळं इतक्या सावकाश खाल्लं की बाहेरच्या पेशंटने दार वाजवलं. बर्नार्डला हे सांगितलं तर तो म्हणाला, "यासाठी मी फी देतो?"

घरी सराव करायला उमंगने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात सुरुवातीला आणि शेवटी एक घंटा वाजायची. टण्ण. लांब, घुमणारी. आता आमच्या गावात अशी एकच घंटा. कोणी गेलं की चर्चची वाजते ती. मी पहाटे अंगणात बसून ॲप लावलं की बर्नार्ड आतून क्रुसाची खूण करत बाहेर यायचा, आणि कुंपणापलीकडून लूर्डस ओरडायची, "कोन गेलं गं, ॲंजेला?" लूर्डसचं माहेर कोळीवाड्यातलं, आवाज समुद्रापार जाणारा. ती ओरडली की आळीतले सगळे बाहेर. मला सजग व्हायचं होतं, पण सगळी आळी सजग झाली. शेवटी उमंगने घंटा बंद करून दिली.

त्याचं म्हणणं साधं होतं. "भीती आली की तुम्ही पळता. पळालात की ती उतरते. मेंदूला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो तुम्हाला अजून लवकर पळवतो. म्हणून पळायचं नाही. लढायचंही नाही. आली की म्हणायचं, आली. तळव्यांकडे लक्ष ठेवायचं. ती चढेल, आणि आपली आपण उतरेल."

"आणि नाही उतरली तर?"

"तर ती जगातली पहिली असेल, मॅडम."

मला तो पोरगा आवडायला लागला. लफडं म्हणाल तर एवढंच.

इतक्यात स्टेफीचं लग्न ठरलं. मुलगा नंदाखालचा, गॉडफ्रे, साधा आणि हसतमुख. त्याची आई शर्लीबाई मात्र मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली, आणि रिटायर झालोय हे तिला कोणी कळवलेलं नसावं. बोलणी करायला बर्नार्ड आणि त्याचा भाऊ, म्हणजे लूर्डसचा नवरा, नंदाखालला गेले. परत आले ते खुशीत. सगळं पक्कं झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लूर्डस माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ॲंजेला, बर्नार्डभावजी म्हंजे देवमानूस गं. दुसरा असता तर घरातून काढली असती तुला."

"का? मी कोणाचं काय घोडं मारलंय?"

मग तिने सगळं सांगितलं. शर्लीबाईंनी बर्नार्डला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमची मिसेस प्रसाद घेत नाही म्हणतात. दर बुधवारी लॉजवर जाते म्हणतात. खरं काय ते सांगा." लॉजची बातमी अर्थातच लूर्डसची. ती पेढे घ्यायला गेली होती आणि मला जिना चढताना बघून आली होती. पराचा कावळा करायला तिला परही लागत नाही. पण बर्नार्डला खरं काय ते पक्कं ठाऊक होतं. उमंगची फी तोच देत होता. आणि तरी माझ्या नवऱ्याने काय करावं? त्याने मान खाली घातली, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "मी तिला माफ केलंय."

शर्लीबाई म्हणे गहिवरल्या. बर्नार्डला त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा वाढलं.

मी तशीच वाडीत गेले. देवमाणूस केळींना पाणी लावत होता. पाइप त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्यावरच धरला.

"अगं, ऐक तरी!" तो भिजत म्हणाला. "काय सांगणार होतो मी? बायको मेंटलच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगू?"

"त्यापेक्षा लॉजवर जाते हे बरं?"

"बरंच! लफडं संपतं, ॲंजेला. कुमसार केला, माफ केलं, विषय मिटला. पण हे म्हटलं की लोक विचारतात, आईला आहे तर मुलीला असेल. घराण्यात असेल. मग स्टेफीला कोण करेल?"

मी पाइप खाली टाकला. मला रडू आलं, कारण तो मूर्ख असला तरी त्याचं गणित चुकलं नव्हतं. ती माणसं तशीच होती. स्टेफी गॉडफ्रेचं नाव निघालं तरी खुलायची आजकाल. माझ्या एका आजारापायी ते मोडलं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं, बर्नार्डने कितीही केलं तरी. मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शर्लीबाईंची एक अट होती. लग्नाच्या मिस्सेत नवरीची आई रांगेत दिसली पाहिजे. कुमसार करून, सगळ्यांसमोर प्रसाद घेऊन. म्हणजे डाग पुसला गेला. नाही दिसली, किंवा पुन्हा पळाली, तर ती बाई त्यांच्या घराची पायरी चढणार नाही. मुलीच्या घरी मला बंदी.

तर गेले मी कुमसाराला. त्या लाकडी खोपटात गुडघे टेकले तर कपाटात कोंडल्यासारखं झालं. जाळीपलीकडे आमचे म्हातारे फादर, कान पुढे करून.

"फादर, मी लफडं केलेलं नाही."

फादर जाळीच्या आणखी जवळ आले. "मग बेटा, कुमसार कसला?"

"तेच तर. मला सगळे सांगतात कर म्हणून."

"दुसरं काही पाप?"

"नवऱ्याला रोज मनात एकदा तरी विहिरीत ढकलते."

"ते आमच्याकडे सगळ्याच बायका सांगतात," फादर म्हणाले, आणि मला तीन नमो मरिया म्हणायला सांगून मोकळे झाले.

उमंगने मला नवा अभ्यास दिला. दर रविवारी एक बाक पुढे बसायचं. भीती आली तर उठायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. मी तसं केलं. काही रविवार भयंकर गेले. एकदा तर मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की नखाखाली लाकडाची कुसळं गेली. पण ती खरंच चढायची आणि खरंच उतरायची. गावाने मात्र याचा वेगळाच अर्थ लावला. लूर्डस बायकांना सांगायची, "पश्चात्ताप करतेय बिचारी. एकेक बाक पुढे सरकतेय." मी तिसऱ्या बाकावर पोचले तेव्हा एका म्हातारीने येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. चर्च फुलांनी भरलेलं, बाहेर मांडवात स्पीकर, आणि ज्यांना येता आलं नाही अशा इस्रायल, दुबई, कॅनडातल्या नातेवाइकांसाठी मोबाइलवर थेट प्रक्षेपण. स्टेफी पांढऱ्या झग्यात आली तेव्हा माझा ऊर भरून आला. वचनं झाली, अंगठ्या झाल्या. मग कम्युनियनची वेळ आली. नवरा-नवरी आधी, मग आईबाप. मी उठले. बर्नार्ड माझ्यापुढे, शर्लीबाई माझ्यामागे.

आणि ती आली.

मागच्यापेक्षा मोठी. ढोल, कोरड, अंधारी, सगळा लवाजमा. बर्नार्ड प्रसाद घेऊन बाजूला झाला. फादर समोर. "ख्रिस्ताचे शरीर." बाजूचं दार उघडं होतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्या क्षणी माझ्याकडून शिकावं. पाय दाराकडे वळायला बघत होते आणि मी त्यांना फरशीवर दाबून धरलं. चपला मी बाकाखालीच सोडून आले होते; फरशी गार होती. डाव्या अंगठ्याखाली एक फुलाची पाकळी होती, ओली. तेवढंच बघत राहिले. पण आमेन काही तोंडातून फुटेना. रांग थांबली. मागून शर्लीबाईंनी दात आवळून म्हटलं, "आता काय?" बर्नार्ड कुजबुजला, "चल ना, लोक बघतायत."

माझं डोकं फिरलं. एक गोष्ट कबूल करते, तेवढ्यातही मी हिशेब केला होता की वचनं होऊन गेलीत, आता हे लग्न कोणाच्या बापाला परत घेता येणार नाही. मी मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हटलं, "फादर, जरा थांबा. मला पॅनिक अटॅक आलाय. आजार आहे तो. पाप नाही. लफडं तर नाहीच नाही. मी लॉजवर जात नाही, त्याच्या वरच्या मजल्यावर मानसोपचाराला जाते. ही भीती आता उतरेल. मी कुठे जात नाही."

फादरांच्या गळ्याला माइक होता, हे मला माहीत नव्हतं. माझं वाक्य न् वाक्य चर्चमध्ये घुमलं, मांडवातल्या स्पीकरवर घुमलं आणि कॅनडापर्यंत गेलं.

फादर प्रसाद धरून उभे राहिले. त्यांचा म्हातारा हात खाली आला नाही. आम्ही दोघं तसेच उभे, आणि अख्खं चर्च आमच्यासोबत श्वास रोखून. ती चढली. शेंड्याला पोचली. मग हळूहळू, अगदी उमंगच्या शब्दाबरहुकूम, उतरायला लागली. मला माझा आवाज सापडला.

"आमेन," मी म्हटलं आणि प्रसाद घेतला.

जेवणावळीत बर्नार्डची संतपदावरून हकालपट्टी झाली. ज्या बायका त्याला आग्रहाने वाढत होत्या, त्या त्याच्या टेबलावरून डिश घेऊन पुढे जायला लागल्या. लूर्डस माझ्याभोवती घुटमळत राहिली आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "तो पोरगा शनवारी पन असतो का गं?" शर्लीबाई जवळ आल्या नाहीत. लांबून बघत होत्या, माझ्याकडे आणि मग स्टेफीकडे. त्या काय शोधत होत्या ते मला कळत होतं, आणि माझा जीव तीळ तीळ तुटत होता. घराण्यात असेल.

निघायची वेळ झाली. गाडी सजलेली, बँड उभा. स्टेफी माझ्या गळ्यात पडली. तिचे हात बर्फासारखे गार. मला वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. मग ती कानात म्हणाली, "मम्मी, मला आलीय. आत्ता. मला कॉलेजपासून येते."

एकाच घरात, भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, दोघी वर्षानुवर्षं आवाज न करता मरत होतो. मी गप्प होते ती तिच्यासाठी. ती गप्प होती ती माझ्यासाठी, आणि बापाला काय वाटेल म्हणून. त्या क्षणी मला जगातल्या सगळ्या अब्रूदार लोकांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. त्यात मीही होते.

"बूट काढ," मी म्हटलं. तिने काढले. मीही चपला काढल्या. आम्ही दोघी गाडीपाशी अनवाणी उभ्या राहिलो, तिचा पांढरा झगा लाल मातीत. मी तिचे हात धरून ठेवले.

शर्लीबाई पुढे आल्या. "काय झालं? का थांबलोय?"

मी तोंड उघडायच्या आत बर्नार्ड मध्ये आला. हा माणूस आता म्हणेल, रडतेय माहेरच्या आठवणीने. म्हणेल, ऊन लागलंय. खोटं त्याच्या जिभेच्या टोकावर तयारच असतं.

त्याने वाकून स्टेफीचे बूट उचलले, त्यांची माती शर्टाला पुसली.

"तिला पॅनिक आलाय," तो म्हणाला. आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आईवर गेलीय ती. जरा थांबा, जातं ते."

शर्लीबाई थांबल्या.